पाऊण तोळ्याची गोळी

मी स्वतः आयुष्यात एकही प्राणी मारलेला नाही. आमच्या माहेरी घरात अंडंसुद्धा येत नसे. पण नोकरीची सुरुवातीची बरीच वर्षं मी शिकारीच्या बंदुकीच्या गोळ्या केल्या, आणि त्या गोळ्यांनी अमेरिकेत किती हरणं पाडली असतील याचा मला अंदाजही नाही.

हल्ली मी अमेरिकेतच, अल्फारेटाला, मुलाकडे असते. इथल्या मराठी मंडळींत ओळख करून देताना "मी मेटलर्जिस्ट होते" एवढंच सांगते आणि विषय बदलते. मध्यंतरी एका बारशाला सॉफ्टवेअरमधल्या एका मुलीनं खोदून विचारलं, "म्हणजे एक्झॅक्टली काय करायचात मावशी?" सांगितलं, तर ती हातातली बशी तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं, मी एवढ्या वर्षांनी काहीतरी कबूल करते आहे. तसं नाही. त्या कामाची मला लाज कधी वाटली नाही. दिपून मात्र गेले होते मी त्या कामात, आणि ते कुणाला नीट सांगता आलं नाही.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला माझा नवरा श्रीधर पेन्सिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी, तिथल्या विद्यापीठात पीएचडी करत होता. मीही तिथेच मेटलर्जीत एम.एस. केलं. त्याचं संपायला अवकाश होता, म्हणून मी जवळपास नोकरी शोधायला लागले. पोलादाचे कारखाने तेव्हा एकामागून एक बंद पडत होते. पाऊण तासाच्या ड्राइव्हवर, डोंगरांच्या मधल्या एका छोट्या गावात, गोळ्या करणारी एक कंपनी होती. तिला धातूचं शिकलेलं माणूस हवं होतं. चीफ इंजिनियर हॅल, पन्नाशीचा, उंच, दाढीवाला, त्यानं इंटरव्ह्यूला एकच प्रश्न विचारला. माझ्या हातात मशरूमसारखा दिसणारा एक ओबडधोबड तुकडा ठेवला आणि म्हणाला, "हे काय आहे सांग."

मी उलटसुलट करून पाहिलं. "तांब्याची चादर, आत शिसं. खूप वेगानं कशावर तरी आदळलंय. पण फाटलं नाहीये, उमललंय."

"उमललंय," तो म्हणाला. "हा शब्द इथे अजून कुणी वापरला नव्हता." मला नोकरी मिळाली. वैजयंती हे नाव त्याच्या जिभेला पेलेना, म्हणून पहिल्या दिवसापासून मी 'जे' झाले.

आपण सगळे ज्याला गोळी म्हणतो ते खरं तर काडतूस. पितळेची एक नळी, बुडाशी ठिणगी देणारी छोटी टोपी, आत दारू, आणि तोंडाशी घट्ट बसवलेली टोकदार गोळी. आम्ही फक्त ती पुढची गोळी करायचो. बाहेरून तांब्याचं पातळ कवच, आत शिसं, टोकाशी शिसं जरासं उघडं. मी ज्या गोळीबद्दल लिहिते आहे ती मध्यम काडतुसाची, सात मिलिमीटर जाडीची. वजन आपल्या हिशेबानं पाऊण तोळा. माझ्या मंगळसूत्रातल्या वाट्या आणि मणी मिळून साधारण तेवढंच भरलं असतं. हा पाऊण तोळा नळीतून बाहेर पडतो तेव्हा आवाजाच्या अडीचपट वेगानं जात असतो आणि जाता जाता स्वतःभोवती सेकंदाला साडेतीन हजार गिरक्या घेत असतो. मी हे गणित पहिल्यांदा केलं तेव्हा चूक झाली असं समजून पुन्हा केलं. उत्तर तेच आलं.

आणि एवढ्या वेगात त्या गोळीला एक नाजूक काम करायचं असतं. प्राण्याच्या अंगात शिरल्यावर तिनं उमलायचं असतं, पण फुटायचं नसतं. उमललीच नाही तर ती सुईसारखी आरपार जाते, आणि जनावर जखम घेऊन मैलभर पळतं. फार लवकर उमलली तर कातड्याखालीच तिच्या ठिकऱ्या होतात, आणि जनावर तरीही पळतं. दोन्हीकडे हाल त्याचेच. बरोब्बर उमलली, तर ते काही पावलांत खाली बसतं. हा सगळा निवाडा सेकंदाच्या हजाराव्या भागात होतो. माणसाच्या पापणीची उघडझाप याच्या मानानं आळशी म्हणायची.

आमची गिऱ्हाइकं भारी असायची. एक गृहस्थ दर वर्षी मांसातून निघालेल्या गोळ्या फोटोच्या फिल्मच्या डब्यांत घालून पाठवायचे, प्रत्येक डबीवर हरणाचं नाव. हो, ते मारलेल्या हरणांना नावं द्यायचे, आणि तीही मारल्यानंतर. एका दातांच्या डॉक्टरांना खारीपासून अस्वलापर्यंत चालेल अशी एकच गोळी हवी होती. हॅलनं त्यांना शांतपणे सांगितलं की खारीपुरता तुमचा ड्रिल वापरा. पेन्सिल्व्हेनियात थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी हरणांची शिकार सुरू व्हायची. त्या दिवशी शाळांना सुट्टी, आमच्या कारखान्याला सुट्टी, सगळं गाव नारिंगी जाकिटं घालून जंगलात. पहिल्या वर्षी मला ते माहीत नव्हतं. मी कामावर गेले, आणि कुलूप बघून परत आले.

अशाच एका मोसमानंतर, डिसेंबरात, डॉरथी कारखान्यात आली.

पासष्टीच्या आसपासची बाई, पांढरे आखूड केस, पायात रबरी बूट. निवृत्त शिक्षिका, शाळेत बायॉलॉजी शिकवायची. नवरा गेलेला, गावाबाहेर शेतावर एकटी राहायची. तिनं आवाज चढवला नाही. रुमालाची घडी माझ्या टेबलावर उघडली. आत तांब्याचे फाटके कपटे आणि शिशाची चार-दोन ढेकळं.

"ही तुमची गोळी," ती म्हणाली. "आणि समोर हरणाची मादी होती. माझ्यापासून वीस पावलांवर. नेम चुकला नव्हता. गोळी खांद्याच्या हाडावर फुटली, आत गेलीच नाही. मी तिच्या मागावर बर्फातून चालत राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी सापडली. जिवंत होती."

मी नुसतं "सॉरी" म्हणाले.

"मला सॉरी नकोय. मला कारण हवंय."

कारण मला माहीत होतं. ती गोळी लांबच्या नेमासाठी बेतलेली. दोनशे-तीनशे यार्डांवर वेग उतरलेला असतो, तिथे मऊ गोळी छान उमलते. वीस पावलांवर वेग पूर्ण असतो, तिथे तीच गोळी काचेसारखी फुटते. मी कागदावर चित्र काढून समजावलं. तिनं ते वर्गातल्या हुशार मुलीसारखं ऐकून घेतलं.

"मग जाड कवचाची घेते."

"ती जवळ टिकेल. पण लांब अंतरावर उमलणार नाही."

"मोठी बंदूक?"

"तिचा धक्का मोठा असतो."

तिनं उजवा खांदा चोळला. त्याचं ऑपरेशन झालेलं होतं. मध्यम काडतुसापलीकडचा धक्का तिला झेपत नव्हता. आणि पुढच्या शरद ऋतूत तिला वायोमिंगला जायचं होतं. तिथे तिच्या भावाचं रँच होतं, आणि एल्कच्या परवान्यासाठीच्या सोडतीत कितीतरी वर्षांनी तिचं नाव निघालं होतं. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ, नर घोड्याएवढा भरतो.

"माझ्याकडे बंदूक एक, खांदा एक," डॉरथी म्हणाली. "जंगलात प्राणी जवळून येईल की लांबून, ते मी ठरवत नाही. तिथे उभं राहून गोळी बदलता येत नाही, आणि बदलली तर नेम बदलतो. मला एकच गोळी हवी आहे, दोन्हीकडे चालणारी. मला पुन्हा तसं चालत जायचं नाहीये."

ती गेल्यावर मी रुमाल परत द्यायला धावले, तर म्हणाली, "राहू दे. बघत जा."

योगायोगानं कंपनीतही तेच घाटत होतं. मध्यम काडतुसांना मागणी वाढली होती आणि त्यांच्यासाठी एक सर्वगुणी गोळी काढायची होती. विक्री बघणाऱ्यांना मऊ हवी होती, कारण बहुतेक गिऱ्हाइकं हरणंच मारतात. हॅलला जाड कवचाची हवी होती. मी म्हटलं, आपण शिसं कवचाला चिकटवू या. नेहमीच्या गोळीत शिसं कवचात नुसतं दाबून बसवलेलं असतं. आदळलं की दोघं वेगळे होतात. ते एकजीव केले तर मऊ गोळीसुद्धा फुटणार नाही, उमलून थांबेल. दोन-तीन छोटे कारागीर तशा गोळ्या हातानं करत होते, कारखान्याच्या मापात करणं अवघड होतं.

घरी श्रीधरला सांगितलं तर तो भात परतता परतता म्हणाला, "म्हणजे कल्हई!"

बरोबर होतं त्याचं. तांब्याच्या भांड्याला कल्हई करतात तोच प्रकार. तांबं घासून स्वच्छ करायचं, नवसागर टाकायचा, तापवायचं, आणि मऊ धातू तांब्याला धरतो. आम्ही कवचात नवसागराच्या जातीचीच पूड घालून, वर शिसं ठेवून भट्टीत तापवायला लागलो. पहिल्या खेपेच्या गोळ्या दिसायला देखण्या होत्या. झाडून पाहिल्या तर नेमाचा पत्ता नाही. निशाणावर सगळीकडे विखुरलेल्या. करवतीनं उभ्या चिरल्या तेव्हा कळलं: आत बुडबुडे. पुडीचा धूर शिशात अडकला होता. साडेतीन हजार गिरक्या घेणाऱ्या वस्तूच्या पोटात एका बाजूला मोहरीएवढी पोकळी असली तरी ती सरळ जात नाही.

मार्च संपेपर्यंत आम्ही त्या बुडबुड्यांच्या मागे होतो. शेवटी उपाय साधा निघाला: पूड कमी, आच हळूहळू वाढवायची, म्हणजे शिसं आळण्याआधी धूर वर निघून जातो. पण ताप दिल्यानं कवच नरम पडायचं, म्हणून ते बुडाकडे जाड आणि टोकाकडे पातळ ओढून घ्यावं लागलं. सांगायला दोन वाक्यं लागली. करताना हॅलची दाढी पिकली, असं तो म्हणायचा.

चाचणी घ्यायची ती ओल्या वर्तमानपत्रांवर. शिळ्या अंकांचे गठ्ठे टाकीत भिजवायचे, पुढे खाटकाकडून आणलेलं गाईच्या खांद्याचं हाड उभं करायचं, आणि पक्क्या बसवलेल्या नळीतून गोळी झाडायची. मग गठ्ठा एकेक थर सोडवत जायचं. ते हाड पहिल्यांदा हातात घेताना मी क्षणभर थांबले. मग घेतलं. ओल्या बातम्यांमधून गोळीनं केलेला बोगदा उघडत जाताना मला दर वेळी धडधडायचं. सुरुवातीला बारीक भोक, मग एकदम ताटलीएवढी पोकळी, मग हळूहळू निमुळती होत गेलेली वाट, आणि वाटेच्या टोकाला उमललेली गोळी, देठासकट. कुणी घडवल्यासारखी नीटस. माणसाचा हात तिथे पोचण्याच्या कितीतरी आधी हे सगळं घडून गेलेलं असायचं. धातूला काय करायचं ते आधी शिकवून ठेवायचं आणि मग त्याच्यावर सोडून द्यायचं, एवढंच आमच्या हातात.

त्या वर्षी गणपतीला आमच्या अपार्टमेंटमध्ये पंधरा-वीस जण जमले होते. त्यांत मुलगा-सुनेकडे आलेल्या देशपांडेकाकू होत्या. श्रीधरच्या एका मित्रानं मोठ्यानं सांगितलं, "काकू, वैजूच्या हातचे मोदक जपून खा हं, ती बुलेट्स बनवते!" सगळे हसले. काकू हसल्या नाहीत. जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "दुखतं का गं त्या हरणाला?"

मी म्हटलं, "चांगली गोळी असेल तर फार नाही, काकू."

"तू बघितलंस?"

नव्हतं बघितलं. मी भिजलेले कागद बघितले होते.

सप्टेंबरात बैठक झाली. विक्रीवाल्यांना माझी गोळी महाग पडेल अशी भीती, हॅलला तिच्यावर अजून पुरता भरवसा नाही. तो म्हणाला, कागद म्हणजे प्राणी नव्हे, आधी मैदानात बघू. डॉरथी एल्कला चाललीच होती. तिनं आमच्या गोळ्यांची काडतुसं घ्यायची आणि कंपनीचं कुणीतरी बरोबर जायचं असं ठरलं. हॅल जाणार होता, पण नेमकं त्याच सुमाराला त्याच्या पाठीनं संप पुकारला. त्यानं मला बोलावलं. "तू जा, जे. गोळी तुझी आहे."

"मी शिकारी नाही."

"म्हणूनच. तू नेम बघत बसणार नाहीस."

तर ऑक्टोबरच्या सुरुवातीला मी वायोमिंगच्या डोंगरात, आयुष्यात पहिल्यांदा घोड्यावर. बरोबर डॉरथी आणि तिचा भाऊ रे. रे सत्तरीचा, बोलायचा कमी. घोड्याशी जेवढं बोलायचा त्याहून कमी आमच्याशी. मी पिशवीत शंकरपाळे आणि मेतकूट नेलं होतं. रेला शंकरपाळे इतके आवडले की त्यानं खोगिराच्या खिशात भरून घेतले आणि अर्धे घोड्याला चारले.

पहिल्या सकाळी आम्ही एका उताराच्या कडेला बसलो होतो. खाली दरीभर ॲस्पेनची पिवळी धमक झाडं, गवतावर दहिवर गोठलेलं. एवढी शांतता होती की मला माझ्याच कानांतला आवाज ऐकू येत होता. आणि मग समोरच्या रानातून तो आवाज आला. आधी खोल, छातीतून, मग चढत चढत शीळ होऊन गेला, इतका उंच की कानाला सहन होईना, आणि शेवटी दोन-तीन हुंकारांत तुटला. पलीकडच्या डोंगरातून दुसरं कुणीतरी त्याला उत्तर दिलं. माझ्या अंगावर काटा उभा राहिला. एवढ्या मोठ्या जनावराच्या गळ्यातून इतका बारीक, इतका रानटी आणि इतका सुंदर आवाज येत असेल असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मी डॉरथीकडे बघितलं. कितीतरी मोसम पाहिलेल्या त्या बाईचेही डोळे मिटलेले होते.

थोड्या वेळानं तो नर उघड्यावर आला. शिंगं पाठीपर्यंत गेलेली, मान गडद, बाकी अंग वाळक्या गवताच्या रंगाचं. अंतर दोनशे यार्डांच्या आत. पण तो आमच्याकडे पाठ करून, जरा तिरका उभा होता. डॉरथीनं बंदूक काठीच्या टेकूवर ठेवली. मी श्वास धरला. वेळ गेला. तिनं बंदूक खाली घेतली.

मला राहवलं नाही. मी कुजबुजले, "जाईल. तो तिरका असला तरी आपली गोळी छातीपर्यंत पोचेल. मी मोजलंय."

तिनं माझ्याकडे न बघता विचारलं, "गोळी चांगली आहे म्हणून मी वाईट नेम घ्यायचा?"

नर झाडांत निघून गेला. वर्षभर आम्ही गोळीला सर्वगुणी करायच्या मागे होतो, ती जवळ चालावी, लांब चालावी, हाडावर चालावी. आणि इथे एक बाई तिला नको त्या कामाला लावतच नव्हती. रात्री चुलीपाशी तिनं स्वतःहून सांगितलं, "रागावू नकोस. तुझ्या गोळीवर माझा विश्वास आहे. पण ती काय करते ते मला उशिरा कळतं. जनावराला आधी कळतं."

पुढचे दोन दिवस नुसते पावलांचे ठसे आणि गार वारा. रेनं आकाश बघून सांगितलं की बर्फ येतोय, उद्या खाली उतरावं लागेल. त्या दुपारी आम्ही दाट पाइनच्या रानातून परतत होतो, घोडे खाली बांधलेले. रे पुढे होता, तो एकदम थांबला. डॉरथी थांबली. मला काही दिसेना. मग झाडांच्या खोडांमधलं एक खोड हललं.

तो तीस पावलांवरही नव्हता. आडवा उभा, एक पाय पुढे. त्याला आमचा वास लागला नव्हता; वारा आमच्या तोंडावर होता आणि त्याचा उग्र, ओलसर वास उलट आमच्याकडे येत होता. नाकपुड्यांतून वाफ निघत होती. इतक्या जवळून तो प्राणी वाटतच नव्हता, त्या रानाचाच एक भाग उठून उभा राहिल्यासारखा वाटत होता. आणि माझ्या डोक्यात रुमालातले ते कपटे आले. हेच ते अंतर. वेग पूर्ण, समोर खांद्याचं हाड, तेही हरणाच्या दुप्पट जाड. डॉरथीनं बंदूक उचलली तेव्हा मला ओरडून तिला थांबवावंसं वाटलं. मी तोंडावर हात दाबून धरला.

आवाज झाला. नर जागचा हललाही नाही.

तो तसाच उभा होता, मान वर, कान आमच्याकडे. फुटली, मी मनात म्हटलं, फुटली. डॉरथीनं दुसरं काडतूस चढवलं होतं, पण झाडलं नाही. नरानं एक पाऊल टाकलं, मग दुसरं, शांतपणे, जणू चरायला निघालाय. मग त्याचे मागचे पाय वाकले, आणि तो गुडघ्यांवर बसला. शिंगांचा भार एका बाजूला गेला. पाइनच्या फांद्यांवरून वाळक्या पानांचा थोडा भुगा झडला. पुन्हा सगळं शांत.

मग डॉरथीनं बंदूक रिकामी करून झाडाला टेकवली, डोक्यावरची टोपी काढली आणि ती त्याच्याजवळ जाऊन बसली. तिनं त्याच्या बरगड्यांवर तळवा ठेवला. मी जवळ गेले तेव्हा मला पहिल्यांदा दिसल्या त्या पापण्या. लांब, काळ्याभोर, एखाद्या वासराच्या असाव्यात तशा. मानेवरचे केस मी हातानं चाचपले. खालची लोकर इतकी दाट की बोटं आत नाहीशी झाली. मला रडू आलं नाही, पश्चात्तापही झाला नाही. एखाद्या फार मोठ्या ठिकाणी न विचारता आत आल्यासारखं वाटलं.

ही गोळी पुढे कंपनीच्या यादीत आली आणि बरीच वर्षं राहिली. हरणांना चालली, एल्कना चालली. फिल्मच्या डब्यावाल्या गृहस्थांनी तिच्यासाठी एक मोठा डबा पाठवला. हॅलनं सगळं श्रेय मला दिलं आणि कल्हईचं श्रीधरला. नंतर, मी ते काम सोडून न्यू जर्सीला पिस्कॅटवेला राहायला गेल्यावर, शिशाबद्दल वाचायला लागले. शिकारी आतडी रानातच टाकून जातात, त्यांतले शिशाचे कण गरुडांच्या पोटात जातात आणि त्यांना विष होतं. आमच्या गोळीतून कण कमी झडायचे, पण झडायचे. हल्ली नुसत्या तांब्याच्या गोळ्या निघाल्या आहेत. त्या करायची बुद्धी आम्हाला तेव्हा व्हायला हवी होती असं वाटतं. डॉरथी असती तर पहिली तीच रुमाल घेऊन आली असती. ती नव्वदीला पोचली. शेवटपर्यंत फ्रीजर स्वतःच्या शिकारीनं भरत होती, आणि त्या मादीच्या मागे चालली तसं चालत जाणं तिच्या वाट्याला पुन्हा आलं नाही, असं तिनं मला एकदा फोनवर सांगितलं होतं.

पण माझ्यापुरतं ते काम त्या दुपारीच पुरं झालं. रेनं सुरी काढली, आणि डॉरथीतली शिक्षिका जागी झाली. "इकडे ये. बाह्या वर कर," ती म्हणाली. मी केल्या. तिनं मला एकेक गोष्ट हात लावून दाखवली. हे खांद्याचं पातं, त्यातून गेलेलं हे भोक. ही बरगडी. हे फुप्फुस, बघ किती हलकं, गुलाबी. आणि हे हृदय. नारळाएवढं. ते तिनं दोन्ही हातांत धरलं, आणि वरच्या बाजूनं गोळी कुठून गेली ते दाखवलं. "त्याला कळायला वेळच मिळाला नाही," ती म्हणाली. "उभा होता ना, तेव्हा तो गेलेलाच होता. पायांना माहीत नव्हतं."

मग ती पलीकडच्या बाजूला गेली आणि कातड्यावरून बोटं फिरवायला लागली. एका ठिकाणी थांबली. तिथे आतून छोटा उंचवटा आला होता. गोळी सगळं अंग पार करून शेवटच्या कातड्याशी येऊन थांबली होती. डॉरथीनं सुरीच्या टोकानं एक चीर दिली आणि ती माझ्या तळहातावर टाकली.

उमललेली. कवच मागे वळलेलं, शिसं त्याला घट्ट धरून, कुठे तडा नाही. अशा कितीतरी मी ओल्या कागदांतून काढल्या होत्या, पुसल्या होत्या, वजन करून खोक्यात टाकल्या होत्या. त्या सगळ्या गार असायच्या. ही ऊबदार होती, त्याच्या रक्ताएवढी. मला कॅलिपर काढून मापं घ्यायची होती, हॅलनं बजावून सांगितलं होतं. खिशाकडे हात गेला नाही. मी मूठ मिटली आणि ती गार होईपर्यंत तशीच उभी राहिले.